भाऊबिजेचं लुगडं

परवा नातीनं कोरी सुती साडी उलगडली. खळीचा तो वास आला आणि मी थेट नेरच्या घरात पोचले.

जिल्हा परिषद नुकतीच झाली होती. आमचे हे तिथं ओव्हरसियर, म्हणजे बांधकामं तपासणारे. माझा भाऊ ठेकेदार. गावातल्या शाळेच्या खोल्यांचं टेंडर त्यानं भरलं होतं, आणि ते काम तपासणार होते हेच.

भाऊबिजेला मी भावाला ओवाळलं. त्यानं तबकात हिरवं, तांबड्या काठाचं लुगडं ठेवलं. मी घडीला नाक लावते न लावते तोच हे त्याला म्हणाले, "ते वापस घ्या."

"काहून? बहिणीले ओवाळणी देऊन राह्यलो, तुमाले नाही," भाऊ म्हणाला.

"उद्या तुमची भिंत मले ठोकून पाहाची हाये. टेंडर मागं घ्या, मग नेसू द्या तिले खुशाल."

निरांजन अजून तेवत होतं. भावानं लुगडं उचलून पिशवीत घातलं आणि फराळाला हात न लावता निघून गेला. पुन्हा आला नाही.

पुढं दर भाऊबिजेला मी ह्यांना टोचायची, "तुमच्या इमानदारीपायी माझं माहेर तुटलं." हे मान खाली घालून ऐकून घ्यायचे.

आता हे नाहीत, आणि चीड येते ती वेगळीच. टेंडर की बहीण, असं विचारल्यावर टेंडर ठेवलं ते माझ्या भावानं. ह्यांना ते त्याच दिवशी कळलं होतं. मग बोलले का नाहीत? एकदा तरी भांडायचं होतं माझ्याशी!