घन, द्रव आणि परुळेकर मास्तर

शिक्षकांच्या खोलीत चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "बाई, परुळेकर मास्तरांचा एखादा किस्सा सांगा ना!" एखादा? अहो, एक सांगायला जावं तर मागून दहा धक्काबुक्की करत येतात!

पन्नासच्या दशकातलं मुलुंड. आमची शाळा पत्र्याच्या छपराची. मी भूगोल शिकवायचे आणि शेजारच्या खोलीत मालवणचे परुळेकर मास्तर विज्ञान. ती खोली म्हणजे त्यांचा जीव की प्राण! आणि हेडमास्तरांना नेमकी तीच हवी होती, टकळीवर सूत कातायच्या वर्गासाठी. "विज्ञान काय, फळ्यावरही शिकवता येतं," म्हणे. मला असा संताप यायचा!

*

पहिल्याच धड्याला मास्तर म्हणाले, "ज्याला वजन असतं आणि जो जागा व्यापतो, तो पदार्थ."

एका मुलीने विचारलं, "मग आपले हेडमास्तर पदार्थ आहेत?"

"आहेत तर! सध्या आपलीच जागा व्यापायला बघतायत!"

*

वायू पसरतो कसा, हे दाखवायला शहाण्या माणसाने उदबत्ती लावली असती. मास्तरांनी सुक्या बोंबलांचा डबा आणला! झाकण उघडून म्हणाले, "वास येईल त्याने हात वर करायचा." पहिला बाक, मधला बाक, शेवटचा बाक... मग पार्टिशनपलीकडे माझ्या वर्गातले हात वर! शेवटी नाकाला धोतराचा सोगा लावून हेडमास्तर दारात. माणूस कांदासुद्धा न खाणारा.

"परुळेकर, काय आहे हे?"

"वायूचा प्रसार, सर. तुमच्यापर्यंत पोचायला जरा वेळच लागला!"

*

"मिश्रणातले घटक वेगळे करता येतात," हे शिकवायला ते माझाच चिवड्याचा डबा घेऊन गेले. परत आला तेव्हा आत नुसता कढीपत्ता!

"मास्तर, माझे शेंगदाणे?"

"वेगळे झाले, बाई. प्रयोग झकास!"

*

शुक्रवारी सरस्वतीच्या आरतीला हेडमास्तरांनी कापराची डबी उघडली, तर रिकामी. "चोरी! शाळेत चोरी!"

"चोरी नाही, सर," मास्तर म्हणाले. "कापूर पातळ न होता घनरूपातून थेट वायुरूपात जातो. काल सातवीने डोळ्यांनी पाहिलंय."

"अहो, पण माझा कापूर कुठाय?"

"इथेच की. हवेत!"

झालं! हेडमास्तर कडाडले, "सोमवारी इन्स्पेक्टर येतायत. त्यांच्यासमोरच खोलीचा निकाल लावतो!" मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. मलाही फार वाईट वाटलं.

*

आता सोमवारचं ऐका. मास्तर मुलांनाच पदार्थाचे रेणू करायचे. "घन!" म्हटलं की पोरं खांद्याला खांदा लावून जागच्या जागी थरथरायची. "द्रव!" म्हटलं की एकमेकांना घासत सरकायची. "वायू!" म्हटलं की मोकाट, सापडेल ती जागा व्यापायची.

इन्स्पेक्टरसाहेबांसमोर घन सुरेख झालं, द्रवही झालं. उकडतंय म्हणून हेडमास्तरांनी दार उघडलं, आणि तेवढ्यात मास्तर ओरडले, "वायू!"

खोली रिकामी! पोरं मैदानात, चिंचेखाली, दोघं तर थेट कुंपणापलीकडे. वाट लागली! पार्टिशनच्या फटीतून मी बघत होते. गेली खोली, म्हटलं.

"परुळेकर, वर्ग कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"साहेब... दार उघडं राहिलं."

हेडमास्तर छडी घेऊन मैदानात धावले. छडी दिसताच सगळी पोरं धावत येऊन मैदानाच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटली आणि लटलट कापायला लागली.

मास्तरांच्या जिवात जीव आला. खिडकीतून बोट दाखवत म्हणाले, "बघा, साहेब! दाब वाढला की वायू आकसतो. थेट घन झाला! थरथरतायत, पण जागा सोडत नाहीत." आणि पोरं हलू नयेत म्हणून बाहेर ओरडले, "मेल्यांनू, तशेच रवा!"

हेडमास्तर घामाघूम होऊन परतले. "साहेब, मग खोलीचं काय ठरलं?"

"खोली यांच्याकडेच राहू द्या," साहेब म्हणाले. "आणि प्रयोगाला तुम्ही येत जा. दाब लागतो."