देवानंदभाऊंचा गुलाब

मी चोर आहे.

ज्याच्या अंगणात मी बारा वर्षं चोऱ्या केल्या, तो माणूस जाऊन आज वर्ष झालं.

देवानंदभाऊ आमचे शेजारी. रेल्वेत गँगमन होते, जऊळक्याकडे रूळ तपासत फिरायचे. रिटायर झाल्यावर वाशिमला आमच्या शेजारी घर बांधलं. मध्ये कमरेएवढी भिंत.

झाडाची फांदी मागून आणली की लागत नाही, चोरून आणली की लागते, असं आमच्याकडे सगळेच मानतात.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. फांदीला यातलं काही कळत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे.

तरी कैची घेऊन भिंतीवरून वाकायचोच.

भाऊंनी पाहिलं तरी पाहिलं नाही असं दाखवायचं, हा अलिखित नियम. ते माझी जास्वंद न्यायचे तेव्हा मीही पेपर तोंडापुढे धरायचो.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर चहा घेताना मात्र सोडायचे नाहीत.

"सर, आमच्या मोगऱ्याले काल कोन्या बकरीनं तोंड लावलं वाटते."

"असेल. गल्लीत बकऱ्या फार झाल्यात."

"पन बकरी कैची घेऊन आलती काय? लय सरळ कापलं."

दर मोसमाला भाऊंचं एक टार्गेट असायचं. हिवाळा लागला की जाहीर करायचे, "यंदा सांभार इकत आनाचा नाही." वाफा हिरवागार व्हायचा आणि मग अर्ध्या गल्लीला फुकट कोथिंबीर.

उन्हाळ्यात टार्गेट एकच, झाडं जगली पाहिजेत. नळाची वाट बघत भांडी धुतलेलं पाणी आळ्यात ओतायचे. पावसाळ्यात दोडक्याचा वेल मुद्दाम माझ्या भिंतीवर चढवायचे.

"तुमच्याकडं पळून आला सर. आता दोडके तुमचेच. म्या काय करू?"

माझंही एक टार्गेट होतं. बारा हिवाळे तेच.

भाऊंचा गावरान गुलाब.

लहान फूल, फिकट गुलाबी, पण वास असा की आमच्या स्वयंपाकघरात यायचा. लग्नानंतर भाऊ पहिल्यांदा सासरी केनवडला गेले, तेव्हा सासऱ्यांच्या अंगणातून ही फांदी चोरून पिशवीत घालून आणली होती. नवा जावई आणि चोर! शांतावहिनी हे सांगताना अजून लाजायच्या.

पहिल्या वर्षी मी मूर्खासारखं ती फांदी मागितली. भाऊंनी दिली. वाळली.

मग दर हिवाळ्यात चोरली. तरी वाळली. खत बदललं, माती बदलली, कुंडी बदलली. दहावीच्या पोरांना फळ्यावर कलम शिकवलेला माणूस मी, घरी बारा वर्षं नापास.

भाऊ हसायचे. "तुमी मास्तर मानूस. चोरताना हात कापते तुमचा. पुढच्या साली पाहू."

गेल्या हिवाळ्यात पालकाच्या वाफ्याला पाणी सोडताना भाऊंच्या छातीत कळ आली. अकोल्याला नेलं, पण पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

घरी श्रद्धांजलीचं पुण्यानुमोदन झालं. मुलगा राहुल आईला पुण्याला घेऊन जायला निघाला. घर विकलं. घेणाऱ्याला अंगणात फरशी टाकून गाडी उभी करायची होती.

राहुल गुणी पोरगा. म्हणाला, "काका, बाबांचा गुलाब तुम्हीच घेऊन जा. मुळासकट काढून देतो."

मी नको म्हणालो.

त्याला वाईट वाटलं. मलाही वाटलं. पण असं हातात दिलेलं मला नेता येईना. भाऊंचं माझं तसं नव्हतंच कधी.

घरी आलो आणि जेवलो नाही. दोन दिवसांनी तिथे फरशी बसणार, हे डोक्यातून जाईना.

ते निघायच्या दिवशी दुपारी कैची घेऊन भिंत ओलांडली. वय सदुसष्ट.

मागच्या दारात वहिनी बसल्या होत्या. भाऊ गेल्यापासून त्या फारशा बोलतच नव्हत्या. त्यांनी मला पाहिलं, कैची पाहिली.

राहुल सामान घेऊन अंगणात यायला निघाला होता. वहिनी एकदम उठल्या आणि दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"कायले येतं बाहेर? आत जाय. माहा चष्मा पाह्य कुठी हाय त."

चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता.

मी घाईघाईनं दोन-तीन कोवळे शेंडे कापले. तेवढ्यात वहिनी हळूच म्हणाल्या,

"सर, बारक्या काड्या नका घेऊ. त्या नाही लागत. खालची घ्या, पेन्सिलीएवढी जाड."

मी कैची खाली केली.

"भाऊंना हे माहीत होतं?"

"पयल्या सालापासून. म्या म्हनलं, सांगा न सरायले. तर म्हने, सांगतलं त गुलाब लागन, अन् मंग सर कायले येतीन आपल्याकडं?"

मी त्या अंगणात रडलो. सदुसष्ट वर्षांचा माणूस, हातात कैची, आणि पोरासारखा रडलो. वहिनीही रडल्या. आतून राहुल ओरडत होता, "आई, चष्मा सापडत नाही!"

जाड काड्या तीन आणल्या. दोन वाळल्या, एक लागली. उन्हाळा कसाबसा काढला तिनं. या आठवड्यात पहिलं फूल आलं. वहिनींना फोटो पाठवला, तर उलट फोन करून म्हणाल्या, "वास पाठवा न सर, फोटो कायले पाठवता?"

आज पहिल्यांदा मीही मोसमाचं टार्गेट जाहीर करतो.

हा गुलाब या हिवाळ्यात कोणीतरी चोरावा.

कुंडी भिंतीच्या कडेला ठेवली आहे. मी दुपारी दोन ते चार झोपतो, सगळ्या गल्लीला माहीत आहे. मागू नका, मागितलं तर देणार नाही.

आणि बारकी काडी नेलीत तर मी काही सांगणार नाही.

पुन्हा यावं लागेल.

गुलाब लागला, देवानंदभाऊ. जय भीम.