अक्कांनी सोडलेलं भरीत

गेल्या महिन्यात एका सकाळी धुळ्याच्या देवपूरहून धाकट्याचा फोन आला. "आई, अक्काआत्या गेली. झोपेतच." आणि माझ्या तोंडून जे पहिलं वाक्य बाहेर पडलं, ते ऐकून शेजारी उभी असलेली सून माझ्याकडे बघतच राहिली. मी विचारलं, "कोण हरलं?" माझाही इलाज नव्हता. थोरल्याच्या नोकरीमुळे मी जळगावला आले आणि माझी नणंद धुळ्यालाच राहिली, तेव्हापासून तिच्याकडून आलेल्या प्रत्येक कार्डाची सुरुवात एकच असे... "आम्ही हरलो. बाकी सर्व खुशाल." पुढे कार्डाच्या जागी फोन आला, पण मायना बदलला नाही. आम्ही म्हणजे धुळ्याचा हुतूतूचा संघ. कोणता, ते विचारायचं नाही. गिरणीचा संघ गेला, मैदान गेलं, तरी धुळ्याच्या नावाने कुठेही कोणी चड्डी कसून उतरलं की ते गडी अक्कांचे. आणि अक्कांचे गडी हरायचे, हे मी पुरतं पाठ करून ठेवलं होतं.

मी लग्न होऊन धुळ्याला आले तेव्हा सोळा वर्षांची होते आणि अक्कल सहा वर्षांची होती. जळगावची म्हणून नाक असं वर, की उंबरठ्याला ठेच लागली तरी खाली बघायची नाही. सासूबाई नव्हत्या. घर चालवायच्या त्या यांच्या थोरल्या बहीण, अक्का. लग्नानंतर वर्षाच्या आत नवरा गेला आणि त्या माहेरी परत आल्या होत्या. अंगाने काटक, कपाळ मोकळं, डोळे मात्र सतत काहीतरी पकडायला टपलेले. पहिल्याच सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर अक्का चुलीपुढे बसून दुधावर नजर लावून पुटपुटत होत्या. मला वाटलं, स्तोत्र असेल. सोवळ्याचं घर दिसतंय म्हणून मी लांब उभी राहून हात जोडले. दूध वर आलं, त्यांनी पातेलं उतरवलं, मोठा श्वास घेतला आणि म्हणाल्या, "हात कसले जोडतेस वेडे? हुतूतू म्हणतेय. दूध उतू जायच्या आत दम तुटला तर आज संध्याकाळी गडी मार खाणार."

तेव्हा कळलं. आमच्या घरामागेच गिरणीचं मैदान होतं. गिरणीने हुतूतूचे गडी पगारावर ठेवले होते. नावाला ते साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला, खरं काम संध्याकाळी मैदानावर. दर संक्रांतीच्या सुमारास जळगावच्या गिरणीच्या संघाशी ढालीसाठी सामना व्हायचा आणि ढाल दर वर्षी जळगावला जायची. सराव संपला की गडी आमच्या मागच्या दारी पाणी प्यायला येत. कोणाचा गुडघा दुखतो, कोणाचा दम शेवटी कमी पडतो, सगळं अक्कांना ठाऊक. त्यांना स्वतःचं म्हणावं असं त्या घरात काय होतं? एक ट्रंक आणि हे आठ-नऊ गडी. एरवी त्या भावाच्या घरी राहणारी बहीण. मागच्या दारी मात्र त्या सगळ्यांच्या अक्का.

बायकांनी मैदानावर जायची पद्धत नव्हती. आम्ही धाब्यावरून, घराच्या सपाट मातीच्या छतावरून, बघायचो. निमित्त तिळांचं. संक्रांतीचे तीळ धुऊन वाळत घालायचे आणि राखायला बसायचं. सामन्याच्या दिवशी आमच्या ओळीतल्या प्रत्येक धाब्यावर तीळ वाळत असायचे... एवढे तीळ सबंध धुळ्याने खाल्ले नसतील. त्या पहिल्या सामन्यात माझा थोरला भाऊ, दामूदादा, जळगावकडून खेळत होता. त्याने एका दमात आमचे तीन गडी मारले आणि मी, काल आलेली सून, पदर खोचून टाळ्या वाजवत अशी नाचले की अर्धे तीळ खाली रस्त्यावर! अक्कांनी फक्त उरलेले तीळ माझ्यापासून दूर सरकवले. त्या दिवसापासून माझं नाव पडलं, 'जळगाववाली'.

संध्याकाळी दादा ढाल मिरवून आमच्याकडे जेवायला आला. बरोबर वडिलांनी पाठवलेली भरताच्या वांग्यांची टोपली. मी कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली, हिरव्या मिरच्या भाजून ठेचल्या, लाकडी बडगीत सगळं कुटून भरीत केलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या. घरभर वास सुटला. आणि अक्का? त्यांच्या ताटात नुसती भाकरी आणि ठेचा. मी विचारलं तर हे म्हणाले, "तिने सोडलंय भरीत. धुळं जळगावकडून ढाल आणेल त्या दिवशी खाणार." तेव्हाच पाच वर्षं झाली होती. खान्देशातल्या बाईने भरीत सोडायचं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. आणि मी काय केलं? मी त्यांच्या समोर बसून बोटं चाटत म्हटलं, "अक्का, मग तुम्ही या जन्मी तर काही खात नाही!" आज ते आठवलं की त्या सोळा वर्षांच्या कारटीला एक ठेवून द्यावीशी वाटते. अक्का हसल्या. म्हणाल्या, "तू खा गं. माझ्या वाटचंही खा. पण टोपली दर वर्षी येऊ दे."

टोपली दर वर्षी आली आणि दर वर्षी आम्ही हरलो. कसं हरावं याचे जेवढे प्रकार आमच्या गड्यांनी शोधले तेवढे जिंकायचे कोणी शोधले नसतील. एका वर्षी दोघे आपसात आपटून बाद. एका वर्षी सामन्याच्या दिवशीच चांगल्या गड्यांना साच्यावर थांबवून घेतलं. पण कळस केला तो गुलाबने. साक्रीकडचा हा पोरगेलासा गडी, काळा, उंच, दम असा की म्हशी मोजून संपतील पण त्याचं हुतूतू संपणार नाही. त्याने चढाईत तिघे मारले, पलटला, मधली रेघ दोन हातांवर राहिली... आणि रेघेच्या बाजूला गिरणीचा गोरा मॅनेजर उभा. गुलाब थांबला, टाचा जुळवल्या आणि साहेबाला सलाम ठोकला. दम तुटला. मागून चौघांनी धरून त्याला पाडला. संध्याकाळी तो मागच्या दारी मान खाली घालून बसला होता. "अक्का, सायेब समोर उभा व्हता. हात आपेआप वर ग्या."

"साहेब काय पळून जाणार होता का रे? रेघ ओलांडून करायचास सलाम!"

"पुढला साल ढाल आपलीच शे, अक्का."

"तू हे मला सांगू नकोस. त्या हाताला सांग."

या सगळ्यात माझं काय झालं ते मला कळलंच नाही. कधीतरी तिसऱ्या-चौथ्या वर्षी दादाने आमचा गडी मारला आणि माझ्या तोंडून "मेल्या!" निघालं. सख्ख्या भावाला! अक्कांनी तीळ माझ्याजवळ सरकवले.

माझ्या पाचव्या वर्षी गिरणीने सांगितलं की यंदा हरलात तर संघ बंद. पगारी गडी पोसायचे ते हरायला नाही. सगळ्यांनी साच्यावर जावं, पाळी धरावी. त्या आठवड्यात अक्कांनी दोनदा दूध उतू घालवलं. एक ट्रंक आणि आठ-नऊ गडी, त्यातले गडी निघून चालले होते. भरताचा प्रश्नच मिटणार होता... संघच नाही तर जिंकणार कोण? एकदा भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "मागच्या दारी पाण्याचा माठ भरायचा की नाही गं मग?"

सामन्याच्या दिवशी दुपारी दादा आपले सगळे गडी घेऊन आमच्याकडे जेवायला आला, टोपलीसकट. सामना चार वाजता. मी भरीत केलं, आणि आता एवढ्या वर्षांनी कबूल करते, असं भरीत मी आयुष्यात परत केलं नाही. शेंगदाणे सढळ, तेल सढळ, वर कांद्याची पात. पहिली भाकरी मी मायेने वाढली. दुसरीही. तिसऱ्या भाकरीला माझ्या मनात आलं की पोटात तीन भाकरी आणि वाटीवाटी भरीत गेल्यावर माणसाला दम धरवेल कसा? मग माझ्या आग्रहाला जो पूर आला! "घे रे दादा, बहिणीच्या हातचं... तुम्हीही घ्या भाऊ, लाजता काय, घरच्यासारखं जेवा..." ते खात होते, मी वाढत होते. पाचव्या भाकरीला अक्का दारात आल्या. माझ्याकडे पाहिलं, ताटांकडे पाहिलं. आणि पुढे होऊन त्यांनी माझ्या हातातलं भरिताचं पातेलं काढून घेतलं. "बस झालं. पाहुण्यांनो, उठा. हात धुवा."

सगळे गार. सुनेच्या माहेरचे पाहुणे अर्ध्या ताटावरून उठवले! दादा लालेलाल झाला. "इंदे, तुझ्या सासरी पाहुण्याला ताटावरून उठवायची चाल आहे का?" मी रडकुंडीला आले. ते गेल्यावर अक्का पातेल्यावर झाकण ठेवत मला म्हणाल्या, "नऊ वर्षं मी तोंड आवळून बसले ती तुझ्या भरिताने जिंकायला नाही. गड्यांनी जिंकायचं. नाहीतर हरायचं."

"आणि माठ?" मी विचारलं.

अक्का तिळांचं सूप उचलून धाब्याचा जिना चढायला लागल्या.

चिडलेला दादा त्या दिवशी वाघासारखा खेळला. आमचे एकेक गडी बाहेर बसत गेले. शेवटी आमचा गुलाब एकटा, आणि समोर दादा आणि आणखी एक. गुलाब चढाईला गेला. अक्का माझा हात धरून हुतूतू म्हणत होत्या, त्याच्या दमाबरोबर त्यांचा दम. गुलाबने दुसऱ्याला शिवलं. दादाने झडप घातली, गुलाबने त्याच्या खांद्यावर थाप मारली, निसटला आणि रेघेकडे धावला. रेघेशी मॅनेजर उभा. तसाच, त्याच जागी. आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, गुलाबचा उजवा हात वर निघाला...

"सलाम नंतर, गुलाब!"

धाब्याच्या अगदी कडेला उभ्या राहून अक्का ओरडल्या होत्या. तोवर त्यांचा आवाज चार भिंतींबाहेर कोणी ऐकला नव्हता. सबंध मैदानाने माना वर केल्या, गोऱ्या साहेबासकट. गुलाबने मात्र कोणाकडे पाहिलं नाही. हात तसाच अर्धवट वर ठेवून तो रेघेपलीकडे येऊन आदळला. मग उठला, धूळ झटकली आणि आधी धाब्याकडे तोंड करून सलाम केला, नंतर साहेबाला. तिळांचं काय झालं म्हणता? ते या वेळी अक्कांनी सांडले.

संध्याकाळी मागच्या दारी सगळे गडी बसले, मध्ये ढाल. अक्कांनी दुपारचं गार भरीत समोर घेतलं. नऊ वर्षांनी पहिला घास तोंडात घातला, डोळे मिटले. आम्ही सगळे श्वास रोखून. घास गिळून त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे, जळगाववाली." तेवढ्यात दारात दादा उभा. चेहरा अजून फुगलेला. "माझं अर्धं ताट राहिलंय," तो म्हणाला. अक्कांनी सरकून त्याला जागा करून दिली. "ये. आता पाहिजे तेवढं जेव."

माठ पुढे कित्येक वर्षं भरला गेला. संघ टिकला, आणि पुढच्याच वर्षापासून पूर्ववत हरायला लागला. अक्कांनी पुन्हा नेम धरला. या वेळी मी विचारलं, काय सोडताय? म्हणाल्या, "कारलं." त्यांना कारलं कधीच आवडायचं नाही. ढाल परत कधी आली नाही, आणि अक्कांनी मरेपर्यंत कारलं खाल्लं नाही. एवढी हुशारी मला सोळाव्या वर्षी असती तर!

दिवसकार्य आटोपून मी जळगावला परत आले. तेराव्याला भरीत मीच केलं, चाखून पाहिलं, आणि मीठ घालायला उचललेला हात तसाच खाली ठेवला. आता सकाळी दूध तापवायचं काम मी सुनेकडून काढून घेतलंय. परवा नात मागे येऊन उभी राहिली. "आजी, काय पुटपुटतेस? स्तोत्र आहे का?" मला उत्तर देता येईना, दम धरलेला. तेवढ्यात बाहेर फोन वाजायला लागला. नात म्हणाली, "आजी, फोन!" दूध पातेल्याच्या काठाशी आलं होतं, दोन बोटांवर. मी हाताने तिला थांब म्हटलं, पातेलं उतरवलं, मोठा श्वास घेतला... आणि मग म्हणाले, "फोन नंतर."