मोकळ्या जागेचे वैरी

जगात अजून मोकळी जागा शिल्लक आहे, ती केवळ आमच्या साडूंना दिवसाचे चोवीसच तास मिळतात म्हणून. कोरा कागद दिसला की हा माणूस काळ्या शाईचं पेन घेऊन त्यावर तुटून पडतो. रेघेला रेघ, ठिपक्याला ठिपका, नक्षीत पुन्हा नक्षी. मुंगीला पाय ठेवायला जागा नाही. कागद संपले की फ्रीजचा दरवाजा. माझा हात मोडला तेव्हा भेटायला आले आणि चहा होईपर्यंत प्लास्टर कोपरापर्यंत भरून टाकलं. पुढे डॉक्टरांना ते कापवेना!

खरं सांगतो, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एकदा एका चित्राला मी "सतरंजी छान झालीय" म्हणालो, तर म्हणाले, "साडूबुवा, चष्मा काढा आणि नाक टेकवा." टेकवलं. अहो, त्या काळ्या जंजाळातून हळूहळू द्राक्षांचे मांडव निघाले, गंगेवर वाळत घातलेली लुगडी निघाली, मनमाडची गाडी निघाली आणि तिच्या प्रत्येक खिडकीत ताई बसलेल्या! ताई म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. मी जेवायला उठेचना.

मग नाशकात त्यांचं पहिलं प्रदर्शन ठरलं. वर्षभर खपून केलेलं सगळ्यात मोठं चित्र आदल्या दिवशी टेबलावर तयार होतं. नव्या वस्तूला हळदकुंकू लावायचं, हा ताईंचा नेम. मिक्सरला लावलं, स्कूटरला लावलं, चित्राला बऱ्या सोडतील! बरोब्बर मधोमध दोन बोटं ओढली, एक पिवळं, एक लाल. साडू आंघोळ करून आले आणि टॉवेलसकट टेबलाकडे धावले.

"अगं, काय केलंस हे!"

"दृष्ट लागू नये म्हणून हो," म्हणत ताई रडायलाच लागल्या.

वर्षाची मेहनत पाण्यात गेली, असंच मी धरून चाललो. साडू मात्र चित्राकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "राहू दे. आता चित्र पुरं झालं." प्रदर्शनात लोक नेमके त्या दोन बोटांपाशी थांबायचे. मागायला बरेच आले, पण त्यांनी ते चित्र कुणालाच दिलं नाही.

मागच्या पावसाळ्यात ताई गेल्या. चित्र साडूंच्या बैठकीत आहे. हळद केव्हाच उडाली, कुंकूही फिकं होत चाललंय. मला ते बघवेना. परवा म्हटलं, "अहो, बाजारात एवढे रंग मिळतात, जरा लाल लावून घ्या की."

साडू हसले. "रंग ढीगभर आहेत हो. तिचं बोट कुठून आणू?"