क्रूझला निघालेले काका

फरीदाबादच्या आमच्या ट्रॅव्हल ऑफिसात ते काका एकदाच आले, पण त्यांची नक्कल मी अजून करतो. सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, खिशाला दोन पेनं, बोलण्याआधी घसा खाकरणार. सोबत काकू. मी मराठीत बोललो, गाव सांगितलं, तशी काकांची कळी खुलली. "अच्छा, परभणीचा का तू!"

क्रूझच्या बुकिंगवर त्यांना ऑनबोर्ड क्रेडिट मिळालं होतं. मी म्हणालो, "हे पैसे जहाजावरच खर्चायचे. उरले तर लॅप्स."

"म्हणजे आमचा मार्च एंड! उडवायचेच. हिला स्पा, मसाज, सगळं."

काकू फणकारल्या. "काही नको. कॅसिनोत त्याच्या चिप्स घेऊ, खेळायचंच नाही, परत देऊन रोख आणू. घरी गीझर घ्यायचाय."

काकांचा चेहरा पडला.

"काकू, कॅसिनोत हे क्रेडिट चालत नाही," मी म्हणालो. "चिप्स खोलीच्या बिलावर घेतल्या तर वर सरचार्ज पडतो."

काकांनी टेबलावर थाप मारली. "चलो! संसारात पहिल्यांदा असे पैसे आलेत, जे हिला वाचवता येणार नाहीत!"

काकू हसू दाबत माझ्याकडे वाकल्या. "मसाजला बाईच असते ना रे?"