उलटी आणि उमासा

माझी शेवटची मोठी पोस्टिंग उत्तरेकडच्या एका लष्करी डॉग युनिटमध्ये होती. मी हँडलर आणि ज्युली माझी ट्रॅकर, माग काढणारी जर्मन शेफर्ड. सकाळी सव्वापाचला पहिलं काम तिची तपासणी. कान, दात, पंजे, कातडी. कानाला वास आला, गोचीड दिसली, जुलाबात रक्त दिसलं, की लगेच रिपोर्ट. हिरड्या गुलाबी हव्यात. फिक्या पडल्या तर वाट बघत बसायचं नाही. एक वेळ जेवली नाही तर नोंद, दुसऱ्या वेळीही नाही तर डॉक्टर. स्वतःच्या दाढेकडे मी कधी एवढं लक्ष दिलं नाही. ती किडून पडली.

एका दुपारी आम्ही डोंगरावरच्या पोस्टवर होतो. दोन वाजून वीस मिनिटांनी ज्युली मान खाली घालून ओकायला लागली. मी वायरलेसवर युनिटच्या डॉक्टरसाहेबांना गाठलं.

"ज्युली उलटी करतेय. ओव्हर."

"किती वेळा? ओव्हर."

"सात-आठ. ओव्हर."

"खाणं बंद. सहा वाजता रिपोर्ट. ओव्हर."

साहेबांचं काही चुकलं नाही, माझं चुकलं. ज्युली उलटी करत नव्हती, नुसते उमासे काढत होती. जमिनीवर काहीच पडलं नव्हतं, आणि नेमकं तेच मी सांगितलं नाही. पोटात वारा भरून जठराला पीळ पडला होता. पाचच्या सुमारास तिनं माझ्या मांडीवर जीव सोडला. मी सहा वाजता रिपोर्ट दिला.

आता मी आंदर मावळात भातशेती करतो. रिटायर झालो हवालदार म्हणून, पण गावाला प्रत्येक फौजी मेजरच. पहिलं वर्षभर दुरुस्त करत होतो, मग नाद सोडला.

वरच्या वाडीत भीमामावशी एकटी राहते. पाच शेळ्या आणि बाळ्या नावाचा दांडगा कुत्रा, एवढाच तिचा संसार. गेल्या थंडीत एका दुपारी, तीन वाजून दहा मिनिटांनी, ती घाईघाईनं उतरून आली.

"मेजर, बाळ्या लय ओकतुय. वास्तुशांतीचा उरल्याला भात हादडलाय त्यानं. ताक पाजलंय, ओकून व्हईल साफ."

"पडलं काय, मावशी?"

"आं?"

"ओकतोय ना? मग खाली काय पडलं?"

ती थांबली. "काय बी न्हाई वो. निस्ती लाळ."

मी तिच्यापुढे पळत वाडी गाठली. बाळ्या उभा होता, बसवत नव्हतं त्याला. पोटावर बोटानं टिचकी मारली, ढोलकं वाजावं तसं वाजलं. हिरड्या फिकट होत होत्या. कामशेतच्या डॉक्टरबाईंना फोन लावला.

"मोठा कुत्रा. भरपूर भात खाल्लाय. पोट फुगून घट्ट. उमासे येतायत, पडत काही नाही. हिरड्या फिकट."

"आत्ता निघा. तोंडानं काही देऊ नका."

तीन चाळीसला दुधाचा टेम्पो मिळाला. बाळ्याचं डोकं मावशीच्या मांडीवर होतं. ती रस्ताभर एकच बोलत होती, "बिबट्या दाराशी आल्ता तवा ह्योच उभा ऱ्हायला. ह्याच्या जिवावर मी हितं एकटी निजते, मेजर." मी घड्याळ बघत होतो आणि मला भीती वाटत होती, हे सांगायला लाज नाही.

चार पंचवीसला डॉक्टरबाईंनी तोंडातून नळी घातली. फस्स करून वारा निघाला, आंबट वासानं खोली भरली. इतका चांगला वास मी आयुष्यात घेतला नाही. त्यांनी एक्स-रे काढला. पीळ पडलेला नव्हता.

"तासभर उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं," बाई म्हणाल्या. "फोनवर इतकं नेमकं कुणी सांगत नाही. कुणी शिकवलं?"

"ज्युलीनं."

त्यांना वाटलं, कुणी डॉक्टर असेल.

बाळ्याला दोन दिवस तिथंच ठेवला. तिसऱ्या दिवशी परतताना मावशीनं विचारलं, "जुली कोन वो, मेजर?" मी सगळं सांगितलं, सहाच्या रिपोर्टसकट. घरच्यांनाही तोवर सांगितलं नव्हतं.

वाडी आल्यावर मावशीनं बाळ्याला टेम्पोतून खाली उतरवलं, त्याचं तोंड माझ्याकडे वळवलं आणि म्हणाली, "द्या रिपोट, मेजर. जुलीला सांगा, ह्यो जित्ता घरी पोचला."

मी सावधानमध्ये उभा राहिलो आणि सांगितलं.