मेव्हण्याचा मुका किडा

माझ्या मेव्हण्याएवढा खुळा माणूस महाराजांच्या सगळ्या राज्यात दुसरा नव्हता. मी फार शिकलेला नाही, आहे तसं लिहितो. वखारीत ओंडके फोडायचं त्याचं काम, पण फोडण्याआधी प्रत्येक ओंडक्याला कान लावणार, आणि कुजका निघाला की कुऱ्हाड खालीच. एकदा महाराजांचा खडखडा, म्हणजे त्यांची घोड्यांची गाडी, आली, लोक मुजरे करत बाजूला झाले आणि हा रस्त्यात पडलेल्या फांदीला कान लावून आडवा. स्वार ओरडला, "पावणं, सरका की." हा म्हणतो, "जरा दम धरा, आत कोणतरी हाय." मी तंगडी धरून ओढला, म्हणून वाचला.

त्याला कुजक्या लाकडात राहणारा एक किडा हवा होता. उताणा केला की टक् करून उडी मारतो तो किडा पोरासोरांना ठाऊक असतो. याचा हुबेहूब तसाच, पण उताणा केला तर गप पडून राहणारा. गारगोटीकडच्या रानात लहानपणी त्याला आणि त्याच्या बहिणीला एकदाच दिसलेला. लोक म्हणायचे, "मेलेला असंल." ती बहीण म्हणजे माझी बायको. भाकरी थापता थापता म्हणायची, "जित्ता व्हता. म्या बघितलाय." तेवढी एकच साक्ष त्याच्या बाजूला.

ती माघात गेली. अहेव गेली, नशीबवान, असं लोक म्हणाले. माझ्या नशिबाचं कोण बोलतो. पंचगंगेच्या घाटावर शेणी रचल्या, वर लाकडं, तोंड अजून उघडं होतं. मी विस्तव घेऊन पुढं झालो तोच मेव्हण्यानं पायाकडचा ओंडका ओढला.

"दाजी, थांबा."

"हितं बी चालू झालं काय रं तुझं?" माझा चुलतभाऊ खवळला.

त्यानं साल सोलली. तळहातावर काळसर किडा घेतला, बोटानं उताणा केला. टक् झालं नाही. पाय मात्र हलत होते. हात तिच्या तोंडापाशी नेत तो म्हणाला, "आक्का, ह्योच न्हवं?" दोघांनी त्याचे दंड धरले, मागं ओढायला लागले. किडा चिरडेल म्हणून त्याला मूठसुद्धा मिटता येईना. त्यानं माझ्याकडं बघितलं. विस्तव माझी बोटं भाजत होता. जन्मभर मी त्याला खुळाच म्हणत आलो होतो.

"सोडा त्याला," मी म्हणालो. "तिला बघू द्या."

त्यांनी दंड सोडले. थोड्या वेळानं त्यानं किडा सालीत परत ठेवला, ओंडका बाजूला नेला, आणि मग मी अग्नी दिला.

सकाळी तिरडीपुढं विस्तवाचं मडकं माझ्या हाती, म्हणून मला तिला खांदा देता आला नव्हता. परतताना ओंडक्याचं एक टोक त्यानं घेतलं, दुसरं मी. कुजकं लाकूड, त्याला वजन ते कसलं. तरी घरापर्यंत दोनदा टेकावं लागलं.